पुढच्यासाठी ठेवलेली जागा

चौसाळ्याला शिवकन्याच्या दुकानात लॅपटॉप घ्यायला जाणाऱ्याला आधी त्याची पाठ बघावी लागते. पडदा केवढा, बटणांखाली लाल दिवे लागतात की निळे, हे सगळं नंतर. ती मशीन खोक्यातून काढते, काउंटरवर मऊ फडकं अंथरते, त्यावर मशीन पालथं घालते आणि एकेक स्क्रू काढून वाटीत टाकत जाते. गिऱ्हाईक कासावीस होतं. नवंकोरं मशीन, अजून पैसेसुद्धा दिले नाहीत, आणि ही बाई त्याचं झाकण काढत बसलीय. शिवकन्याला घाई नसते. झाकण उचलून बाजूला ठेवते आणि म्हणते, “हां. आता बघा, हे घेताय तुमी. वरचं नुसतं नेसूचं हाय.”

मग ती बोट ठेवून दाखवते. ही रॅमची पट्टी, काम करताना मशीनच्या ध्यानात जेवढं राहतं ते हिच्यात. ही निघते. शेजारी तशीच एक खाच मोकळी आहे, पुढं गरज पडली की दुसरी पट्टी बसते. फाइली साठवायचा तुकडाही बदलतो. पंखा स्क्रूवर, बॅटरी स्क्रूवर. आणि मग तांब्याच्या नळ्यांखालच्या काळ्या चौकोनाकडे बोट नेऊन, आवाज जराही खाली न आणता सांगते, “ही ग्राफिक्सची चीप. ही सोल्डरचा डाग देऊन बसवलेली हाय, ही बदलत न्हाई. आज जेवढी घ्याल तेवढीच शेवटपत्तोर. म्हणून पैसे टाकायचे तर इथं टाका. बाकीचं मागून वाढवता येतं.”

दारावर पाटी आहे: ‘ज्याचे झाकण उघडत नाही तो लॅपटॉप येथे मिळत नाही.’ पाटी लावली तेव्हा लोक हसले. अशी पाटी लावून कुणी धंदा करतं का? पण गेमिंगचे लॅपटॉप घेणारी मंडळी इथं काय नुसती गेम खेळत नाहीत. लग्नाचे व्हिडिओ करणारे, फ्लेक्सवाले, घराचे नकाशे काढणारे, सगळ्यांना तेच दणकट मशीन लागतं, आणि ते दोन वर्षांनी फेकून देणं कुणालाच परवडत नाही. पाटी राहिली. दुकानही राहिलं.

शिवकन्याचं माहेर सिरसाळ्याचं. शाळा जिल्हा परिषदेची, बारावी मराठी माध्यमातून, आणि लगेच लग्न. नवरा हनुमान तेव्हा चाकणला कंपनीत होता. घरी बसून करायचं काय म्हणून ती खोलीजवळच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात झाडलोट करायला लागली. झाडता झाडता स्क्रू उचलायला लागली, स्क्रू उचलता उचलता लावायला. सात वर्षांत भिंग लावून डाग द्यायला शिकली. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण बोर्डावर छापलेली बारकी अक्षरं आणि आकडे मात्र तोंडपाठ झाले.

तिथं एक दिवस एक नर्सबाई आली होती. सव्वा वर्षाचा लॅपटॉप, रॅम गेलेली. दुकानाच्या मालकाने उघडून बघितलं आणि झाकण लावलं. रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवलेली, मोकळी खाच एकही नाही, बोर्ड बदलायचा तर नव्या मशीनच्या पाऊणपट पैसे. नर्सबाई म्हणाली, “अहो, पण एवढासाच तुकडा गेलाय ना?” मालक म्हणाला, “हो, एवढासाच.” बाई बराच वेळ तिथंच उभी राहिली. शिवकन्या झाडू हातात धरून बघत होती. तिला त्या मशीनचा राग आला. मशीनचा राग येतो हे तिला त्या दिवशी कळलं.

पुढं लॉकडाऊनमध्ये दोघं गावाकडं आली ती परत गेलीच नाहीत. हनुमानने हायवेला ट्रॅक्टरचं गॅरेज टाकलं, तिने शेजारच्या गाळ्यात हे दुकान. सोमवारी कपिलधारला दर्शनाला जाऊन यायचं, रोज दुकान उघडलं की पणती लावायची, हात जोडायचे, मग पहिला स्क्रू. देवाबद्दल ती कुणाशी फारसं बोलत नाही. आईने लावलेली सवय आहे, ती मोडायचं कारण तिला कधी सापडलं नाही.

खंडेनवमीला सगळे हत्यारांची पूजा करतात. शेजारी हनुमान पान्यांना हळदकुंकू लावायचा. पहिल्याच वर्षी शिवकन्याने बघितलं, लोक लॅपटॉपची पूजा करतात ती वरून: झाकणावर गंध, झाकणावर फूल, आत धुळीचा गोळा. तेव्हापासून तिने खंडेनवमीला फुकट सफाई सुरू केली. झाकण काढायचं, धूळ उडवायची, झाकणाच्या आतल्या कडेला कुंकवाचं एक बारीक बोट लावायचं आणि बंद करायचं. येणाऱ्याला ती म्हणायची, “वरच्या झाकणाला काय पूजता? काम तर आतलं करतं.”

हे तिचं वाक्य गावभर झालं. घरी झाकण उघडता येणारे लोक घरीच उघडून पूजा करायला लागले. तिला त्याचा आनंद वाटायचा.

चार वर्षांपूर्वी धोंडीराम गुरुजी आले होते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. सोबत बायको प्रयागबाई आणि नात वैष्णवी. वैष्णवीचे आईवडील गेवराईकडे नोकरीला, पोरगी लहानपणापासून आजीआजोबांपाशी. तिला ॲनिमेशन शिकायला संभाजीनगरला जायचं होतं आणि त्यासाठी गेमिंगचा लॅपटॉप हवा होता. गुरुजींना ‘गेमिंग’ या शब्दाचीच धास्ती होती.

“शिवाताई, पोरगी खेळत तर बसणार न्हाई?”

“गुरुजी, बैलगाडीतून तमाशाला बी जाता येतं आन् दवाखान्यात बी.”

वैष्णवी फिसकन हसली. शिवकन्याने मशीन पालथं घातलं, उघडलं आणि नेहमीप्रमाणे सगळं दाखवलं. मोकळ्या खाचेवर बोट आलं तशी प्रयागबाई पुढं वाकली.

“अगं, एवढ्या पैशात अर्धी जागा मोकळीच देती व्हय?”

“मावशी, ती पुढच्यासाठी ठेवलेली जागा हाय. वैष्णवी शिकत जाईल तसा हा बी वाढायला लागंल. चार वर्सांनी तिला आज आहे त्याच्या चौपट लागंल, तवा मी इथंच भरून देते. माझा शब्द हाय. तवर ही जागा जपा.”

गुरुजींनी खिशातून डायरी काढली, लाल पेनने तारीख घातली, शिवकन्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि खाली तिची सही घेतली. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस. शिवकन्याने हसत सही केली.

गेल्या वर्षी रस्त्यापलीकडे अमरसिंहचं दुकान आलं. काचेचं दार, गार हवा, आत भिंतभर लॅपटॉप, करंजीच्या पारीसारखे पातळ. अमरसिंह पंचविशीतला, बोलायला गोड. स्वतः चहा पाठवायचा, ताई म्हणायचा आणि दर पंधरा दिवसांनी तेच विचारायचा.

“ताई, कावून उन्हातान्हात बसता? आमच्याकडं या. दुरुस्तीचं काउंटर तुमचं. पगार ठरवा तुमी.”

“आन् पातळ मशीन आलं की उघडू कसं?”

“उघडायचं न्हाई ना. नवं द्यायचं.”

“मग मला कशाला बोलावतो? खोकं फोडायला?”

तो हसायचा, तीही हसायची. पण रात्री हनुमानला ती म्हणायची, “त्याचं बी खरं हाय वो. दरसाली कंपनीची यादी बघते. झाकण उघडणारी मशीनं कमीच व्हायलीत.” हनुमान म्हणायचा, “ट्रॅक्टरचं बी तेच. पहिलं हातोडीनं भागायचं, आता कंप्युटर लावा म्हणतेत.” आणि कूस बदलायचा. हनुमानला कशाचीच फार काळजी करता येत नाही. कधी तिला त्याचा राग येतो, कधी बरं वाटतं.

या दिवाळीआधी वैष्णवी गावाकडं आली ती रडवेली होऊन. शेवटचं वर्ष. प्रत्येकाने स्वतःची तीन मिनिटांची फिल्म करून द्यायची होती. तिने नायगावच्या अभयारण्यातला मोर घेतला होता. वर्षभर राबून एकेक पीस वेगळं केलेलं, आणि आता मोराने पिसारा उघडायचा प्रसंग आला की मशीन बसायचं. फाइलच बंद व्हायची. रॅम कमी पडतेय, सर म्हणाले होते, बत्तीस जीबी पाहिजे, तुझ्याकडे आठ आहे. फिल्म द्यायला बावीस दिवस उरले होते.

सकाळी अकराला गुरुजी, प्रयागबाई आणि वैष्णवी दुकानात आले. गुरुजींनी डायरी आणली होती. पान उघडून काउंटरवर ठेवली.

“लक्षात हाय गुरुजी,” शिवकन्या म्हणाली. “सही न्हाई दाखवली तरी देणार होते. आठाची पट्टी काढते, सोळा सोळाच्या दोन बसवते. अर्धा तास.”

अमरसिंह चहा घेऊन आलाच होता, मोराचं सगळं ऐकत उभा होता. हायवेला दुपारच्या गाडीची वाट बघणारी दोन-तीन माणसं बाकड्यावर होती. शिवकन्याने मशीन पालथं घातलं, झाकण उचललं, बॅटरीची वायर सोडवली, जुनी पट्टी काढून पहिल्या खाचेत नवी बसवली. दुसरी पट्टी दुसऱ्या खाचेत. ती नीट बसली नाही. तिने काढून पुन्हा दाबली, कट्‌ आवाज आला. वायर जोडली, बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळाच. कडेचा दिवा लुकलुकत राहिला.

पुन्हा. तेच.

दुसरी पट्टी काढली आणि एकट्या पहिलीवर चालू केलं. पडदा उजळला. त्याच खाचेत दुसरी घालून बघितली, तरी उजळला. म्हणजे पट्ट्या बऱ्या, मशीन बरं, वाईट झाली होती ती दुसरी खाच.

अमरसिंहने चहाचा कप खाली ठेवला. “ताई, राग मानू नका. मशीनचं बी वय असतं. वैष्णवी, जुना दे, त्याचे मी बरे पैसे धरतो. नवा घेऊन जा, बत्तीस आतूनच येते. संध्याकाळी मोर नाचंल.”

“आतून येते म्हणजे डाग दिलेली,” शिवकन्या म्हणाली.

“असू दे ना. तिला बावीस दिवसांत फिल्म द्यायचीय. तुमाला काय, तुमची पाटी धरून बसता.”

बाकड्यावरचा एक जण हसला. “ताईच्या शब्दाची बी वॉरंटी संपलेली दिसती.”

शिवकन्याच्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं. तिने स्क्रू ड्रायव्हर फडक्यावर ठेवला.

“अमरसिंह, ऐक. चार वर्सांपूर्वी मी ह्या पोरीला सांगितलंय, मशीन वाढवून देते. आज ह्याच मशीनमधी तिचा मोर चालला न्हाई, तर उद्या सकाळी कुलूप लावून तुझ्या काउंटरला येऊन बसते. पगार तूच ठरव. आन् चालला, तर हे काउंटरचं परत माझ्याम्होरं काढायचं न्हाई.”

“ताई, म्या गमतीनं...”

“मी गमतीनं न्हाई.”

आता माघार नव्हती. तिने भिंगाचा दिवा ओढला, ब्लोअरने खाचेत हवा मारली. काहीतरी उडून गुरुजींच्या डायरीवर पडलं. वैष्णवीने बोटाने उचललं. तांदळाची कणी होती. लालसर.

शिवकन्याने भिंगातून बघितलं. खाचेत पिवळा-तांबडा थर बसला होता, वाळून पापुद्रे धरलेला. चिमट्याने ओढलं तर अजून दोन दाणे निघाले.

“हे काय हाय?” अमरसिंह वाकला.

“अक्षता,” प्रयागबाई म्हणाली. तिच्या आवाजात अभिमानच होता. “मी घातल्यात. दर खंडेनवमीला. पोरगी दसऱ्याला घरी येती, झाकण काढून आंघोळीला जाती, हे मागून स्क्रू लावतेत. त्या मधल्या वक्ताला मी पूजा करते. शिवाच म्हणाली होती, ही जागा पुढच्यासाठी हाय, जपा. आता पुढं भरायची जागा पूजेला मोकळी कशी ठेवायची? आमी धान्याच्या मोकळ्या कणगीला सुदिक चार दाणे टाकल्याबिगर हात जोडत न्हाई. म्हणून दोन दाणे बसवायचे न् वरून वल्लं कुंकू.”

मग बाकड्यावरचे तिघं खोखो हसले. अमरसिंहने तोंडावर हात धरला. गुरुजी ओरडले, “अगं, चार वर्सं? आन् मी वरून स्क्रू आवळत होतो?”

“तुमीच तर आवळत होता,” प्रयागबाई म्हणाली. मग तिला सगळ्यांचे चेहरे दिसले आणि तिचा पदर हळूच तोंडाशी गेला. “माझ्यामुळं बिघडलं व्हय गं?”

शिवकन्या हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे कणगी होती. सिरसाळ्याला तिची आईही तसंच करायची, सुगीच्या आधी मोकळ्या कणगीत चार दाणे, वर हळदीचं बोट. प्रयागबाईने तिचं सांगणं ऐकलं होतं, शब्दाला शब्द ऐकलं होतं. जपा म्हणाली, जपलं. आतलं पुजा म्हणाली, आतलं पुजलं. हिला माहीत असलेली जपायची रीत तीच होती.

“मावशी, चूक तुमची न्हाई,” ती मोठ्याने म्हणाली, बाकड्यापर्यंत ऐकू जाईल असं. “चूक माझी हाय. आतली पूजा करा म्हणून मीच गावभर सांगत फिरले. कशाला बोट लावायचं न् कशाला न्हाई, हे सांगितलं न्हाई. वल्लं कुंकू खाचेत घालू नका, हे मी सांगायला पाहिजे होतं. लिवा गुरुजी डायरीत, लाल पेनानं.”

गुरुजींनी डायरी मिटली. “असू दे.”

“न्हाई, लिवा.”

त्यांनी खरंच लिहिलं.

मग तिने बोर्ड बाहेर काढला. स्पिरिट, मऊ ब्रश, टाचणीहून बारीक चिमटा. एक वाजला, दोन वाजले. दुपारची गाडी आली आणि गेली, पण बाकड्यावरची दोन माणसं चढलीच नाहीत. हनुमानने डबा आणून ठेवला, ग्रीसने काळे झालेले हात मागे बांधून थोडा वेळ बघत उभा राहिला आणि गेला. ती मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती, ओठ हलत होते तेवढेच.

थर निघाला. खाली पितळी दातांची रांग दिसली. पण तीन दात हिरवे होते. यंदा पाऊस उघडलाच नव्हता, घराघरांत ओल. ओल, हळद, कुंकवातला चुना, असं चार वर्षं. एका दाताला चिमटा लागला आणि तो तुटून हातात आला.

पट्टी बसवली, बोर्ड जोडला. बटण दाबलं. काळं.

“बास ना ताई आता,” अमरसिंह म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. “केलं तुमी तुमच्याकडून. सोडा.”

वैष्णवी खाली बघत होती. प्रयागबाई रडत होती, आवाज न करता.

शिवकन्या उठली. हात पुसले. दुकानाच्या कोपऱ्यात तिचं स्वतःचं मशीन होतं, बिलं, याद्या, सगळं त्याच्यावरच. तिने ते बंद केलं, वायर काढली, पालथं घातलं आणि उघडलं.

“काय करायलात?” गुरुजींनी विचारलं.

“दोन खाचा होत्या, एक गेली. एकीत बत्तीस बसवायची.” तिने स्वतःच्या मशीनमधली पट्टी काढून तळहातावर धरली. “ही बत्तीसची हाय.”

अमरसिंहने तेवढ्यात मोबाइल काढून बघितलं होतं. “ताई, कंपनीच्या कागदावर एका खाचेत सोळाच लिहिलीत. बत्तीस घेणार न्हाई.”

“कागद लिहिणाऱ्याला त्या टायमाला बत्तीसची पट्टी मिळाली नसंल. इथंच ह्या बोर्डाच्या भावाला मी बत्तीस घेताना बघितलंय.”

“भावानं घेतली म्हणजे हा घेईल?”

“बघू की.”

तिने पहिल्या खाचेत ती पट्टी तिरकी सरकवली आणि दाबली. वायर जोडली. बटण.

पंखा फिरला. काळं. दिवा लुकलुकला नाही, नुसता लागून राहिला. दहा मोजले, वीस मोजले. गुरुजींनी बटणाकडे हात नेला. “हात लावू नका,” शिवकन्या म्हणाली, “नवी पट्टी हाय, त्याला वळख पटू द्या.” तीस. चाळीस. पंखा जोरात फिरून एकदम हळू झाला आणि पडदा पांढरा झाला.

वैष्णवीने फाइल उघडली. सगळे मागे गोळा झाले होते. पडद्यावर माळरान, एक बाभूळ, आणि पाठमोरा मोर. आजवर इथंच मशीन बसत होतं. मोराने मान वळवली. पिसारा थरथरला, वर उठायला लागला, अडखळत, थांबत, पण उठायला लागला. पिसांवरचा एकेक डोळा उघडत गेला. शेवटी सगळा पडदा निळा-हिरवा झाला.

“अग्गं बाई,” प्रयागबाई म्हणाली. “नायगावचाच हाय की गं.”

बाकड्यावरच्या माणसाने शिट्टी मारली.

“वैष्णवी, ऐक,” शिवकन्या म्हणाली. “दोन पट्ट्या जोडीनं पळतात, तशी ही एकटी पळायची न्हाई. जरा हळू चालंल. पर बसणार न्हाई. फिल्म देऊन टाक. दिवाळी झाली की घेऊन ये, नवी खाच मागवून डाग देऊन देते. तिचे पैसे न्हाई घेणार.”

“आणि तुमचं मशीन?” वैष्णवीने विचारलं.

“ह्या सोळाच्या दोन हायेत ना, त्या घालते माझ्यात. माझ्या मशीनच्या दोन्ही खाचा शाबूत हायेत.”

अमरसिंह अजून पडद्याकडेच बघत होता. “ताई, एक इचारू? उद्या तिला ग्राफिक्स कमी पडलं तर? ती चीप बदलाल?”

“न्हाई. ती बदलत न्हाई. हे मी तिला पहिल्या दिवशी सांगितलंय, इचार तिला.”

“सांगितलंय,” वैष्णवी म्हणाली.

“म्हणजे शेवटी एक दिवस फेकायचंच ना?”

“एक दिवस मी बी जाणार हाय, तू बी. पर एवढासा तुकडा गेला म्हणून आख्खं न्हाई फेकायचं. चल, चहाचा कप घेऊन जा, आन् काउंटरचं काय ठरलंय ते ध्यानात ठेव.”

तो गेला. कप विसरून गेला.

त्या रात्री शिवकन्याने विकलेल्या मशीनची वही काढली. एकसष्ट गिऱ्हाइकं अशी होती ज्यांना तिने मोकळी खाच दाखवून जपा म्हटलं होतं. सकाळपासून तिने फोन लावायला सुरुवात केली. बोलायला अवघड होतं. “दादा, मी शिवकन्या. माझ्याकडून एक सांगायचं राहिलं होतं. मशीन घेऊन या, फुकट साफ करून देते. आत काय घातलं असंल तर लाजू नका.”

लोक आले. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत येत राहिले. अकरा मशीनमध्ये हळदकुंकू निघालं, दोन मशीनमध्ये अक्षता. आष्टीकडच्या एका फोटोवाल्याच्या मशीनमध्ये तर अख्खी लवंग, त्याच्या आईने नजर लागू नये म्हणून ठेवलेली. शिवकन्या प्रत्येकाला झाकणाची आतली कड दाखवायची, इथं बोट लावा, दुसरीकडे नाही, आणि प्रत्येकाला सांगायची की आधी हे सांगितलं नाही ही चूक तिची. तीन खाचा गेल्या होत्या. तिघांच्याही नव्या खाचा तिने आपल्या पैशाने मागवल्या.

तिसऱ्या दिवशी अमरसिंह रस्ता ओलांडून आला. दुकानात गर्दी, काउंटरवर पालथ्या मशीनांची रांग.

“ताई, काउंटरचं न्हाई काढत. पर ही जाहिरात चाललीय का बदनामी? सगळ्या गावाला सांगताय, ‘माझं चुकलं’ म्हणून.”

“चुकलंच हाय, तर सांगायला काय.”

“आन् पुढच्या साली, त्याच्या पुढच्या साली, कंपन्या सगळंच डाग देऊन पाठवायला लागल्या तर? मग काय विकाल?”

शिवकन्याने वाटीतला स्क्रू उचलला, झाकणाच्या भोकात बसवला आणि फिरवत फिरवतच बोलली.

“मग न्हाई विकणार. जेवढे विकलेत तेवढे उघडीत बसंन. सरक जरा, उजेड अडतोय.” आणि त्याच्या खांद्यावरून बाहेर बघून तिने हाक मारली, “एकोणतीस नंबर! कुणाचं हाय ओ? या, झाकण तुमच्याच हातानं काढा.”